टब काढा, शॉवर बसवा. पण आधी उतार बघा

जुन्या फ्लॅटमधला बाथटब दिसायला छान, पण घरातल्या दादी-नानींना त्याचा दीड-दोन फुटी काठ ओलांडणं म्हणजे रोजची धास्ती. बाथरूमचं काम काढलंच असेल तर टबाच्या जागी उंबरठा नसलेला शॉवर करून घ्यावा, असं आम्हाला वाटतं. गुस्लसाठीही तो सोयीचा पडतो.

खरी मेख फरशीखाली आहे. टब उखडताना जुनं वॉटरप्रूफिंग बहुतेक वेळा फुटतंच, ते नव्याने करा. टाइल्स लावण्याआधी जाळीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांचं छत पाहून या. ओल नसेल तरच पुढे जा. मिस्त्री घाई करेल, करू दे. उतार जाळीच्या दिशेने, मीटरला साधारण १ ते २ सेंटिमीटर. टाइल्स खरबरीत हव्यात, चकचकीत नकोतच.

आधाराचा दांडा पक्क्या भिंतीत खोलवर बसवून घ्या. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, हे मिस्त्रीलाही सांगावं लागतं! जागा असेल तर वुजूसाठी एक बैठक आणि खाली नळ ठेवा. बेसिनमध्ये पाय उचलून धुतानाच अनेकांचा तोल जातो.