चोळल्याने बरे का वाटते?

दाराच्या कडेवर कोपर आपटले की तुम्ही काय करता? "आई गं!" म्हणता आणि लगेच दुसऱ्या हाताने ते चोळू लागता. हे तुम्हाला कोणी शिकवलेले नसते. पण चोळल्यावर कळ थोडी ओसरते, हे खरे. ती का ओसरते?

याचे एक उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी सुचवले. स्पर्शाची वार्ता नेणारे चेतातंतू जाड असतात. त्यांतून संदेश सेकंदाला ३० मीटरहून अधिक वेगाने धावतो. ठणकत राहणाऱ्या दुखण्याची वार्ता नेणारे तंतू बारीक. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. मेंदूकडे जाण्याआधी दोन्ही वार्ता मेरुरज्जूत पोचतात. तेथे जणू एक फाटक आहे. स्पर्शाच्या वार्तांची गर्दी झाली, की दुखण्यासाठी ते अर्धवट मिटते. या कल्पनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण तिचा गाभा टिकून आहे. म्हणजे पाहा, मालिश स्नायूंची करायची, पण तिचा पहिला परिणाम होतो चेतासंस्थेवर!

आता मालिश करणाऱ्याच्या हातांकडे लक्ष द्या. तळहात सपाट ठेवून लांबवर फिरवणे, कणीक तिंबावी तसे स्नायू मळणे, अंगठ्याने एकाच जागी दाबून घासणे आणि हाताच्या कडेने थापट्या मारणे, असे त्याचे मुख्य प्रकार. युरोपात यांची पद्धतशीर मांडणी केल्याचे श्रेय बहुधा डच डॉक्टर योहान मेट्सगर (१८३८-१९०९) यांना देतात. गंमत अशी, की पद्धतीला नाव मात्र पडले 'स्वीडिश मालिश'. कोल्हापूरच्या तालमीत मेहनतीनंतर पैलवान एकमेकांचे अंग रगडतात, तेथेही असेच हात दिसतील. जोर तेवढा जास्त.

याच्या अगदी उलट पद्धत डेन्मार्कच्या एमिल व्हॉडर यांनी १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. तिच्यात दाब इतका हलका, की नुसती कातडी सरकावी. कारण येथे काम स्नायूंशी नसून कातडीलगतच्या नाजूक लसीकावाहिन्यांशी असते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढल्या, तर काही रुग्णांच्या हातात द्रव साठून तो सुजतो. तो द्रव वर सरकवण्यासाठी, घट्ट पट्ट्या बांधण्याच्या जोडीला, ही पद्धत वापरतात. येथे पैलवानी हात काय कामाचा?

मालिशीने स्नायूंतले लॅक्टिक ॲसिड निघून जाते, असे तुम्हाला व्यायामशाळेत हमखास ऐकायला मिळेल. हे बरोबर नाही. ते ॲसिड शरीर व्यायामानंतर तासा-दीड तासात आपणच वापरून टाकते. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यामागून येणाऱ्या दाहामुळे.

मग मालिश करते तरी काय? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांचा एक सुंदर प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ११ तरुणांना पार दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग प्रत्येकाच्या एकाच पायाची १० मिनिटे मालिश केली. दुसरा पाय तसाच ठेवला. एकच पाय का बरे? विचार करा. दोन वेगळी माणसे घेतली असती, तर त्यांचे खाणे, झोप, ताकद सारेच वेगळे. येथे दोन्ही पाय एकाच माणसाचे. फरक फक्त मालिशीचा! नंतर दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे सुईने काढून तपासले. लॅक्टिक ॲसिड दोहोंत सारखेच निघाले. पण मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे रासायनिक संदेश कमी होते, आणि नव्या तंतुकणिका तयार करण्याचा इशारा देणारे संदेश जास्त होते. तंतुकणिका म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रे, हे तुम्ही शिकलाच आहात. अर्थात माणसे ११च, तीही तरुण आणि धडधाकट. तुमच्या आजोबांच्या गुडघ्यांविषयी हा प्रयोग काही सांगत नाही.

बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे आपल्याकडे घरोघरी चालते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांवर अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. १० दिवस, दिवसातून तीनदा, १५-१५ मिनिटे बाळांना हळुवार चोळून त्यांचे हातपाय हलवले. दूध इतर बाळांइतकेच घेऊनही त्यांचे वजन ४७ टक्के अधिक वेगाने वाढले.

पण चोळणे प्रत्येक वेळी हिताचे नसते. एक पोटरी एकाएकी सुजली, गरम लागू लागली, तर तिला हात लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. आणि दुसरे ठिकाण म्हणजे कोपरच! आपटलेले नव्हे, पडून सुजलेले.

आमच्या वर्गातला एक मुलगा आंब्याच्या झाडावरून पडला. उजवे कोपर टम्म सुजले. गल्लीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी आठवडाभर रोज गरम तेलाने ते रगडले, ओढून ओढून वाकवले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण कोपराच्या हाडाला इजा झाली की भोवती रक्त साठते, आणि तशात रगडले, जबरीने ताणले, तर चक्क स्नायूतच हाड धरू लागते. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. अशा वेळी हात आहे त्या स्थितीत, घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन, झोळीत घ्यायचा आणि क्ष-किरण चित्र काढायला जायचे.

तो मुलगा पुढे शाळेत डबा डाव्या हाताने खात असे. उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत पोचत नसे.