कोरड्या हवेत बिथरणारे सूत

दोन वस्तू एकमेकींना टेकून सुटल्या की एकीच्या पृष्ठभागावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर राहून जातात. ज्या वस्तूचे इलेक्ट्रॉन गेले ती धनप्रभारित होते, जिच्याकडे आले ती ऋणप्रभारित. घासल्याने वीज नव्याने तयार होत नाही. स्पर्शाच्या जागा वाढतात आणि स्पर्श पुन्हा पुन्हा घडतो, एवढेच. इलेक्ट्रॉन कोणी द्यायचे आणि कोणी घ्यायचे, हे पदार्थांच्या जोडीवर ठरते. जोहान विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ मध्ये त्यांची क्रमवारी मांडली. आजच्या क्रमवारीत लोकर आणि नायलॉन धन टोकाकडे, पॉलिएस्टर ऋण टोकाकडे आणि कापूस जवळपास मधोमध.

स्पर्शाचा हाच खेळ सोलापूरच्या सुतातही चालतो. तिथे १८७७ मध्ये सूतगिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. आता शहराची ओळख यंत्रमागावरच्या चादरी आणि टॉवेल ही आहे. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सूत सतत रुळांवरून, फणीतून वेगाने सरकत असते, आणि प्रत्येक ठिकाणी टेकून सुटते. यंत्राच्या धातूवरचा प्रभार जमिनीत निघून जातो. सूत मात्र विद्युतरोधक, त्यामुळे त्याच्यावरचा प्रभार जागीच अडकतो. सारखा प्रभार असलेले तंतू एकमेकांना दूर लोटतात: ताण्याचे धागे विस्कटतात, तंतू रुळाला गुंडाळतात, हवेतले कापसाचे बारीक तंतू सुताला चिकटतात.

या प्रभाराला वाट मिळते ती पाण्याची. दमट हवेत तंतूवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार ओघळून जातो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत कापूस कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच कृत्रिम धाग्याचा उपद्रव जास्त. पर्जन्यछायेतल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपलीकडे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते; मग कापूसही बिथरतो. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची दमट हवा फुकट मिळाली, सोलापूरला तो ओलावा विकत घ्यावा लागतो.

त्यासाठी विणकामाच्या शेडमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडून आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांच्या वर राखतात. कृत्रिम धाग्याला एवढेही पुरत नाही. त्याला ओलावा धरणारे तेलकट लेपन देतात, किंवा सुताजवळ उच्च दाबाच्या विजेची पट्टी बसवून हवेचे आयन बनवतात. त्यांपैकी विरुद्ध प्रभाराचे आयन सुताकडे ओढले जातात आणि त्याचा प्रभार शमतो.