गुलाबदाणीचं वजन आणि गुलाबदाणीचा मान

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीची चांदीची गुलाबदाणी असेल, कपाटात मऊ कापडात गुंडाळलेली. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात ती मोडायला नेली, की आधी तराजूवर चढते. तराजूला जे कळत नाही, त्याविषयी आज आपण बोलू.

आधी घडण पाहू. गुलाबदाणी एकसंध नसते. तिचं पोट पत्रा ठोकून घडवतात, उंच मान नळीसारखी वळवून डाख देऊन जोडतात. ठोकून ठोकून चांदी कडक होते, म्हणून कारागीर ती मधूनमधून तापवून मऊ करतो. नक्षी उठवताना आत राळ भरतात. तिच्या आधारामुळे घाव बसला तरी पत्रा फाटत नाही. वर छिद्रांचं झाकण, त्यातून गुलाबपाणी शिंपडायचं.

आता मान. दरबार असो वा लग्न, अत्तर-गुलाब आणि पानसुपारी कोणाला आधी मिळते, यावर माणसाची पायरी ठरायची. हळदीकुंकवात हा मान बायकांच्या हाती आला. पण विधवेला तिथे जागा नव्हती. एकीचा सन्मान करणारी तीच गुलाबदाणी दुसरीला दाराबाहेर ठेवत होती. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

नागपूरकरांनी हा तराजू फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. राण्यांचा विरोध असतानाही राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकण्यात आलं. लिलावात वस्तूची किंमत येते. ती कोणी कोणाला, कशासाठी दिली, हे मात्र तिथे कोणी विचारत नाही.

घरातही तेच होतं. चांदी हे बाईचं स्त्रीधन, अडीअडचणीला हाताशी असलेला पैसा. मुलांच्या फीसाठी ती मोडली, तर त्यात काही चूक नाही. ती त्यासाठीच तर होती! फक्त मोडण्याआधी भांडं उलटं करून बघा. तळाशी किंवा काठावर देणाऱ्याचं नाव, कधी तारीखही कोरलेली असते. आपल्याकडे बायकांची नावं लिहून ठेवणारे कागद थोडेच. कित्येकदा तेवढाच एक पुरावा उरलेला असतो. फोटो काढा, नाव वहीत उतरवून घ्या. भट्टीत चांदी उरते, नाव उरत नाही.