दहा अक्षरे, एक फूल आणि थांबण्याची वेळ

मुलांच्या खेळगाण्यात शब्दांच्या अर्थापेक्षा त्या शब्दांनी खेळात करायचे काम मोठे असते. असे गाणे परभाषेत गेले की अर्थ, काम आणि चाल यांची ताटातूट होते. यांपैकी काय टिकते आणि काय गळते, हे पाहण्यासाठी अलीकडचे एक कोरियन उदाहरण उद्बोधक आहे. 'मुगुंगह्वा कोची पिओत्सुम्निदा' हे एका ओळीचे खेळगाणे कोरियातील मुलांच्या अनेक पिढ्या म्हणत आल्या. २०२१ साली ते जगभरच्या व्हिडिओ गेममध्ये शिरले आणि त्याचे मीम झाले. लोक एखादा आवाज, चित्र किंवा वाक्य उचलतात, त्यात आपली भर घालतात आणि पुढे पाठवतात. अशा फिरत्या वस्तूला मीम म्हणतात.

मूळ खेळ साधा आहे. ज्याच्यावर राज्य असते तो भिंतीकडे किंवा झाडाकडे तोंड करून ही ओळ म्हणतो. तेवढ्या वेळात मागची मुले पुढे सरकतात. ओळ संपताच तो गर्रकन वळतो. त्या क्षणी जो हलताना दिसेल तो पकडला जातो. राज्य असलेल्याला कोरियनमध्ये 'सुल्ले' म्हणतात. रात्रीची गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांसाठी जो जुना शब्द होता, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे त्याच मुलावर 'राज्य येते', तिकडे त्याच्याकडे पहारा येतो. एकाच भूमिकेकडे दोन भाषांनी किती वेगळ्या नजरेने पाहिले आहे!

आता ओळीची अक्षरे मोजू: मु, गुंग, ह्वा, को, ची, पी, ओत्, सुम्, नी, दा. बरोबर दहा. एक ते दहा मोजण्याऐवजी मुले ही ओळ म्हणतात. लपाछपीत शंभर मोजायचे असले, तर तीच ओळ दहा वेळा म्हटली की काम होते. जपानमध्ये याच खेळात 'दारुमा-सान गा कोरोंदा' म्हणतात. 'दारुमा कोलमडला' असा त्याचा अर्थ. जपानी मात्रांच्या हिशेबाने तीही दहाच. फूल काय किंवा दारुमाची बाहुली काय, खेळाच्या दृष्टीने तो अंकांना घातलेला वेष आहे. मात्र या वेषात एक सोय दडलेली आहे. एक-दोन-तीन ठरावीक ठेक्याने मोजले जाते. ओळ मात्र लांबवता येते किंवा भराभर संपवता येते. सुल्ले कधी रेंगाळतो, कधी शेवटची अक्षरे गिळून वळतो. खेळाची सगळी गंमत या वेगबदलात आहे.

शब्दांना अर्थ नाही, असे मात्र नाही. 'मुगुंगह्वाचे फूल उमलले' असा ओळीचा अर्थ आहे. हे जास्वंदीच्या कुळातील फूल दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय फूल असून राष्ट्रगीताच्या ध्रुवपदातही त्याचा उल्लेख येतो. 'मुगुंग' म्हणजे अंत नसलेले. एकेक फूल दिवसभरात कोमेजते, पण झुडूप अनेक आठवडे फुलत राहते. कोरियन माणसाला या ओळीत अंगणही ऐकू येते आणि देशही.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर 'स्क्विड गेम' ही ह्वांग डोंग-ह्योक यांची मालिका आली. कर्जबाजारी माणसे पैशासाठी लहानपणीचे खेळ खेळतात आणि हरणारा जिवाला मुकतो, असे तिचे कथानक. पहिलाच खेळ हा. येथे सुल्ले म्हणजे एक प्रचंड बाहुली. तिचे रूप जुन्या कोरियन पाठ्यपुस्तकांतील यंग-ही या मुलीवरून घेतलेले आहे. ती लहान मुलीच्या निरागस आवाजात ओळ म्हणते, वेग वाढवत नेते, आणि हलणाऱ्यावर गोळी सुटते.

भाषांतरकारापुढचा पेच इथेच सुरू होतो. पहिल्या भागाच्या कोरियन शीर्षकाचा अर्थ 'मुगुंगह्वा उमलली तो दिवस' असा आहे. इंग्रजीत त्याचे 'रेड लाइट, ग्रीन लाइट' झाले. अमेरिकी मुलांच्या तशाच खेळाचे हे नाव. प्रेक्षकाला खेळ चटकन कळला, म्हणजे कामाचे भाषांतर साधले. पण फूल गेले, दहाची मोजणीही गेली. फूल उमलण्याची वार्ता आणि समोरचे मरण यांतला विरोध इंग्रजी ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही.

चाल मात्र टिकली. काही दिवसांतच 'रोब्लॉक्स' या मंचावर वापरकर्त्यांनी या खेळाच्या अनेक नकला तयार केल्या. ऑक्टोबरअखेरीस 'क्रॅब गेम' हा विडंबनात्मक मोफत गेम आला. कोरियनचा एक शब्दही न येणारी मुले त्या सुरावटीवर पळू आणि थांबू लागली. गेममध्ये अशा आवाजाला विशेष मोल असते: सूर चालू असेतो पळा, थांबला की थांबा. वेगळी सूचना लिहावी लागत नाही. मीमलाही तेवढेच पुरते. ती चाल कोणत्याही चित्रफितीमागे लावली की 'आता हलाल तर संपलात' हे न सांगता कळते.

अंगणात मात्र 'तू हललास', 'नाही हललो' हा वाद होतो. सुल्लेला सगळ्यांची समजूत काढावी लागते आणि धाकट्याला एकदा सूटही द्यावी लागते. गेममधील यंत्र हालचाल मोजते आणि निकाल देते. वादाला जागाच उरत नाही. अर्थ आणि मोजणी यांच्याबरोबर खेळातले हे बोलणेही गळाले.

खेळगाण्यांचे संकलन करणाऱ्यांनी यातून घेण्यासारखे आहे. या कोरियन ओळीचे नुसते शब्द टिपले असते, तर कागदावर फुलाविषयीचे एक साधे विधान उरले असते. ती कुणी, कुणाकडे पाठ करून, कोणत्या वेगाने म्हणायची आणि ती संपल्यावर काय करायचे, हे टिपले तरच ती गाणे ठरते. कोणतेही खेळगाणे उतरवून घेताना शब्दांशेजारी चाल, हालचाल आणि खेळाचा नियम लिहून ठेवावा; शक्य तर मुलांच्याच आवाजात ते ध्वनिमुद्रित करावे.