वजन घटविण्यात निकट उद्दिष्टांचे स्थान

वजन कमी करू पाहणाऱ्याचा निश्चय काही आठवड्यांतच ढळला, की दोष त्याच्या इच्छाशक्तीस देण्याची रूढी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी सायमन यांच्यासह १९७७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग निराळेच कारण सुचवितो. स्थूल व्यक्तींपैकी काहींना आहार घटविण्याचे उद्दिष्ट सबंध आठवड्यासाठी देण्यात आले, तर काहींना दिवसाच्या लहान लहान भागांसाठी. याहून बोधप्रद गोष्ट अशी की, आठवड्याचे उद्दिष्ट मिळालेल्यांपैकी काहींनी आपण होऊनच त्याचे छोटे तुकडे पाडले. यश आले ते त्यांना. दूरच्या उद्दिष्टावर विसंबून राहिलेले मागेच राहिले.

याचे कारण उघड आहे. ‘या आठवड्यात कमी खाईन’ या संकल्पात आजचे जेवण सहज अपवाद ठरू शकते. ‘आत्ता एक पोळी कमी’ या संकल्पात पळवाट उरत नाही, आणि तो पार पडल्याचे समाधानही तत्काळ लाभते. मात्र हे लहान उद्दिष्ट कृतीचे असावे, वजनकाट्याचे नव्हे. शरीरातील पाण्याच्या चढउतारामुळे एका दिवसात किलोभराचा फरक सहज पडतो, आणि पथ्य काटेकोरपणे पाळलेल्या दिवशीही काटा वर गेलेला दिसू शकतो.