पोटावरच्या रेघा: दोष कुणाचाच नाही

सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणाची तयारी सुरू झाली की घरात एक वाक्य हमखास कानी पडते, "पोट खाजवू नकोस गं, बाळाला केस येताहेत!" हा समज फार जुना आहे. आपल्या उज्जैनच्या सरकारी प्रसूती रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या चरकांच्या संहितेतही त्याची नोंद सापडते. गर्भाच्या केसांमुळे जळजळ होते असे बायका म्हणतात, पण ते खरे नव्हे, असे आत्रेयांचे मत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात दिले आहे. गर्भाचा दाब हे खरे कारण, असे तेथे म्हटले आहे. पोटावरच्या रेघांना तिथे 'किक्किस' हा शब्द आहे. आपण त्यांना स्ट्रेच मार्क्स म्हणतो.

पोट झपाट्याने वाढते तेव्हा त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे ताणले जाऊन तुटतात. संप्रेरकांतील बदलांचाही त्यात वाटा असतो. रेघा पोट, स्तन, मांड्या आणि नितंबांवर दिसतात. आधी लालसर-जांभळ्या असतात, बाळंतपणानंतर हळूहळू पांढुरक्या होतात. आईला असतील, वय कमी असेल, वजन भराभर वाढले किंवा बाळ मोठे असेल तर शक्यता वाढते.

म्हणून "तेल लावायचा आळस केलास" असे सुनेला किंवा लेकीला ऐकवू नका. 2012 साली कॉक्रेन संस्थेने 800 स्त्रियांवरील 6 चाचण्या एकत्र तपासल्या. क्रीम वा तेल लावल्याने रेघा टळतात, असा भक्कम पुरावा त्यांत मिळाला नाही.

मग तेल लावूच नये का? जरूर लावा, पण त्वचा मऊ राहावी आणि खाज कमी व्हावी म्हणून. माळव्यातल्या कोरड्या थंडीत आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावावे. उन्हाळ्यात तेलाचा जाड थर नको, घामोळे येते. कढत पाणी टाळा, सुती सैल कपडे घाला, नखे लहान ठेवा. खाजवल्याने रेघा पडत नाहीत, पण ओरखडे उठून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. रेटिनॉइड असलेली क्रीम गरोदरपणात वापरू नये. आणि दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे मलम लावू नये. ते बरेच दिवस लावल्यास त्यानेच त्वचा पातळ होऊन नव्या रेघा पडतात.

सगळीच खाज साधी नसते. अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटत असेल, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावलेला असू शकतो. याचा धोका पोटातल्या बाळाला असतो. अशा वेळी घरगुती लेप करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ततपासणीत निदान होते. एरवीही शंका असेल तर सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे जरूर विचारा.

बाळंतपणानंतर काही महिन्यांत रेघा फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. लेझरसारखे उपचार हवे असल्यास ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत. नाही केले तरी आरोग्याचे काहीही बिघडत नाही.