आजोबांची पंगत

दाजीबानपेठेतल्या आमच्या जुन्या घरात दररोज दोन पाने अधिक मांडली जात. एक पान वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याचे. दुसरे कोणाचे, हे मात्र सकाळी कोणालाच सांगता येत नसे. आजोबा बाजारात गेले की खेड्यातून कोर्टाच्या कामासाठी आलेला एखादा अनोळखी गृहस्थ हमखास त्यांच्यासोबत घरी येई. ओसरीवर त्यांची बैठक असे. कोणाला कानडीत अर्ज लिहून हवा असे, तर कोणाच्या वडिलोपार्जित जमिनीचा मोडी कागद वाचून हवा असे. या कामाचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. घेणाऱ्याने संकोचाने आणलेली भेंडी-गवार तेवढी आजी ठेवून घेई, आणि तेही आजोबांच्या नकळत.

अशा आजोबांवर लिहावे, ही इच्छा फार दिवसांची. परंतु इरावती कर्वे यांचा महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरील लेख वाचनात आला आणि आमची लेखणी थोडी अडखळली. दिनकर कर्वे यांच्या 'द न्यू ब्राह्मन्स' या 1963 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो आहे. इरावतीबाई महर्षींच्या सूनबाई. पण सासऱ्यांविषयी लिहिताना त्यांनी मुलांच्या नात्याने त्यांना 'आजोबा'च म्हटले आहे. भक्तिभाव आहे, पण डोळे उघडे आहेत.

महर्षींचे कार्य वाचकांना परिचित आहेच. 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तो हिंगण्यास नेल्यावर फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन आटोपून ते तेथवर पायी जात. 1916 साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ उभे केले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. परंतु या सर्व काळात घर कोण चालवीत होते? आनंदीबाईंनी 'माझे पुराण' लिहून आपली हकिगत सांगितली, म्हणून ते कळते तरी. आमच्या आजीने काहीच लिहिले नाही. तिला अक्षरओळख नव्हती. दुसऱ्यांचे कागद वाचून देणाऱ्या आजोबांना घरात ही उणीव कशी दिसली नाही, याचे आम्हांस आज नवल वाटते.

एका परक्या मुलाला धारवाडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण फी भरण्याची ऐपत नव्हती. आजोबांनी आजीच्या पाटल्या सराफाकडे गहाण ठेवल्या. विचारले की सांगितले, हे नक्की ठाऊक नाही. आमच्या घरात या दोन्ही क्रियापदांत फारसा फरक नव्हता. मुलगा शिकला, नोकरीला लागला, एक आभाराचे पत्रही आले. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत. आमच्या लहानपणी आजीच्या हातांत काचेच्या बांगड्याच पाहिल्या, आणि तिला तशाच आवडतात अशी आमची प्रामाणिक समजूत होती. खरा प्रकार आईने सांगितला, तोही आजी गेल्यानंतर.

तरीही आजोबांवर राग धरता येत नाही. 1984 साली ते गेले तेव्हा तेरा दिवस आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे येत होती. एक वृद्ध शेतकरी आजोबांनी वाचून दिलेला मोडी कागद रुमालात गुंडाळून घेऊन आला होता. तो त्याने त्यांच्या तसबिरीपुढे ठेवला, नमस्कार केला आणि परत उचलून घेतला. त्या दिवसांत स्वयंपाकघरातली चूल विझली नाही.

पुढेही कित्येक महिने आजी दोन पाने अधिकच मांडीत राहिली. एकदा आईने ती उचलावयास घेतली, तेव्हा आजी म्हणाली, "राहू दे गं. उशिरा कोणी आलं तर?"